इराप्पाचा सोळा तासांचा उपास

नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात इराप्पा नावाचा एक गुऱ्हाळवाला राहायचा. वय त्रेसष्ट, अंगापिंडानं दांडगा, आणि आवाज असा की गुऱ्हाळात हाक मारली तर नदीपलीकडचा माणूस ओ द्यायचा. घरात तो आणि त्याची बायको गौराक्का, दोघंच. दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी सुखात होत्या.

इराप्पाला एका गोष्टीचा भारी अभिमान. गुळाची ढेप दोन्ही हातांनी उचलली की तो तिचं वजन सांगायचा. तीस किलो म्हणाला की तीस. एकोणतीस आणि वर पाव म्हणाला की तेवढीच. लोक मुद्दाम काट्यावर घालून बघायचे आणि तोंडात बोटं घालायचे. "काटा एक वेळ खोटं बोलंल, माझं हात न्हाई बोलायचं," असं तो चारचौघांत ठणकावून सांगायचा.

आता त्या गावाची एक रीत होती. चैत्रात देवीची जत्रा भरायची आणि त्या दिवशी गुऱ्हाळवाल्या जोडीची गुळानं तुला व्हायची. देवळापुढच्या चिंचेला मोठा तराजू टांगायचा. आधी मालक बसायचा, मग मालकीण. दोघांच्या वजनाइतका गूळ देवीपुढं ठेवायचा आणि फोडून घरोघर वाटायचा. एका तुलेपासून दुसऱ्या तुलेपर्यंत त्या दोघांनी कुठल्याही काट्यावर चढायचं नाही, हाही त्या रीतीतलाच नेम.

एका वर्षी आक्रीत घडलं. इराप्पा पारड्यात बसला. समोर तीस तीस किलोच्या तीन ढेपी चढल्या. पारडं हलेना. वर पाच किलोचा गुळाचा खडा ठेवला, तेव्हा कुठं पारडं जमिनीवरून सुटलं, आणि तेवढ्यात दोर तुटला! इराप्पा धप्पकन खाली. पाय वर, फेटा एकीकडं, चष्मा दुसरीकडं. क्षणभर सगळी जत्रा आ वासून बघत राहिली, आणि मग जी हसली, ती पोट धरधरून हसली. तराजू सांभाळणाऱ्या भैरू गुरवाला तर हसू आवरेना. गौराक्का तेवढी हसली नाही. तिनं पदरानं त्याच्या अंगावरची माती झटकली. मग नवा दोर बांधून तिची तुला झाली. ती दोन ढेपींना चार किलो कमी भरली.

इराप्पाच्या जिवाला ते फार लागलं. गुडघेही आताशा जिना चढताना कुरकुरायचे. पण गुडघ्यांचं दुखणं त्यानं सोसलं असतं. गावाचं हसणं त्याला सोसवेना. पुढच्या जत्रेला अडीच ढेपींत बसून दाखवीन, नाहीतर तुलेचा मान सोडून देईन, अशी शपथच त्यानं घेतली.

दसऱ्याला त्याचे व्याही बसलिंग आले. इराप्पा बघतच राहिला. पोटाचा नगारा कुठल्या कुठं गेलेला, माणूस कसा सडसडीत झालेला!

"व्याही, हे झालं कसं?"

"सोप्पं हाय," बसलिंग म्हणाले. "रात्री सातला तोंड बंद करायचं, ते सकाळी अकराला उघडायचं. सोळा तास उपास. मधल्या वेळात पाणी चालतं. राहिलेल्या आठ तासांत दोन वेळचं बेतानं जेवायचं. पण आपलं वय झालंय आता, तेव्हा आधी डॉक्टरला विचारा."

एवढं सगळं त्यांनी नीट सांगितलं. पण इराप्पाच्या कानात काय शिरलं? सातला बंद, अकराला उघड, पाणी चालतं. बेतानं जेवायचं ते गळालं. डॉक्टरही गळाला.

दुसऱ्याच दिवशी घरात हुकूम सुटला. "सातनंतर चूल बंद. सकाळी अकराच्या आत फोडणी नको. वास आला की माझं मन चळतं. माझ्यासमोर कुणी घास घ्यायचा न्हाई."

गौराक्कानं मान हलवली. तिला हे वजनाबिजनाचं काही कळत नव्हतं. आपल्या माणसानं व्रत धरलं आहे, एवढंच तिला कळलं.

गावात बोलबाला झाला. इराप्पा आणि उपास! ज्याच्या न्याहारीला तीन भाकरी लागायच्या, तो अकरापर्यंत कोरडा बसतो? लोक मुद्दाम गुऱ्हाळावर येऊन बघून जायचे. इराप्पा बाजेवर घड्याळ घेऊन बसलेला असायचा. चेहरा गंभीर. आणि हातात काय असायचं म्हणता? उसाच्या रसाचा तांब्या!

हो, तांब्या. ताजा, फेसाळ, गार रस. सात वाजता एक, नऊ वाजता एक, साडेदहाला एक. जन्म गुऱ्हाळात गेलेला माणूस तो. त्याच्या लेखी रस म्हणजे पाणीच. गूळ म्हणजे खाणं, काकवी म्हणजे खाणं, पण रस? रसाला खाणं कोण म्हणतं? व्याह्यांनी पाणी चालतं म्हटलं होतं, मग हे चालणारच. गुऱ्हाळावरच्या माणसांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तीही सगळी रस पिऊनच वाढलेली.

आणि अकरा वाजले की मग काय विचारता! सोळा तासांची कसर निघायची. भाकरी, झुणका, खर्डा, गाडगंभर दही, भाकरीवर काकवीची धार. दुपारी चहा आणि मूठभर शेंगदाणे. साडेसहाला पुन्हा पाट मांडला जायचा आणि सातच्या ठोक्यापर्यंत तो जेवत राहायचा, कारण त्यानंतर मिळायचं नाही ना! शेवटच्या पाच मिनिटांत दोन भाकऱ्या खाल्लेलं माणूस तुम्ही पाहिलंय? गौराक्कानं रोज पाहिलं.

आता गौराक्काचं ऐका. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत नवऱ्याआधी तिनं घास घेतला नव्हता. तिच्या आईनं घेतला नव्हता, सासूनं घेतला नव्हता. पूर्वी इराप्पा आठला न्याहारी करायचा, मग साडेआठला ती करायची. रात्री आठला तो जेवायचा, मग नऊला ती जेवायची. त्यात कुणाला काही खुपत नव्हतं.

पण आता ती पहाटे पाचला उठायची, झाडलोट, पाणी, जनावरं उरकायची, आणि अकरापर्यंत तशीच राहायची. अकराला तो बसला की ती वाढत राहायची. नेहमीसारख्या सातच भाकऱ्या थापायची. त्यातल्या सहा तो संपवायचा. उरलेली एक ती ताकाबरोबर खायची. संध्याकाळी तर तेवढंही नाही. सातला त्याचं ताट निघायचं, तोवर टोपली रिकामी झालेली असायची, आणि चूल बंद करायचा तर हुकूमच होता. घरात ज्वारीची पोती थप्पीला लागलेली, आणि घरची मालकीण पाणी पिऊन झोपायची!

तिनं तक्रार केली का? छे. त्यांचं व्रत चालू असताना आपण कसं खायचं, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं.

आणि इराप्पाला दिसत नव्हतं का? नाही दिसलं. एक्केचाळीस वर्षांत त्यानं तिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. मग ती जेवत नाही, हे तरी त्याला कसं दिसावं?

महिने गेले. तिच्या हातातल्या बांगड्या निसटायला लागल्या. तिनं कासाराकडून लहान मापाच्या भरून घेतल्या. पुढं त्याही निसटायला लागल्या, तेव्हा आणखी लहान भरल्या. कासार चक्रावून तिच्या तोंडाकडं बघत राहिला. शेजारच्या हौसाक्कानं हे पाहिलं आणि ती थेट गुऱ्हाळावर गेली.

"भाऊजी, गौराक्काकडं बघा जरा. निम्मी झालीया ती."

इराप्पा मिशीतल्या मिशीत हसला. "अगं, निम्मा मी झालोय. हे बघ." आणि त्यानं सदरा पोटावरून ओढून दाखवला. खरंच, सदरा चांगला सैल झाला होता. गेल्या वर्षी तोच सदरा बटणांना ताण देत होता. हौसाक्का कपाळाला हात लावून परत गेली.

त्या सैल सदऱ्यावर इराप्पाचा भारी विश्वास. काट्यावर चढायचं नाही, हा रीतीचा नेम तो पाळत होता, पण सदरा सांगतोच आहे की! एक सैल झाला, दुसरा सैल झाला, तिसराही झाला. तो गावभर सांगत सुटला, "औंदा अडीच ढेपी. एक खडा जास्त लागला तर नाव बदलीन."

जत्रा उजाडली. हलगी कडाडली. गेल्या वर्षीचा तमाशा पुन्हा बघायला मिळतो का, म्हणून झाडून सगळं गाव चिंचेखाली गोळा झालं. पुन्हा फजिती नको म्हणून भैरू गुरवानं नवा जाड दोर आणला होता. सकाळचे दहा वाजले होते. इराप्पाचा उपास अजून तासभर बाकी होता, म्हणजे घरून निघताना रसाचे दोन तांबे तेवढे झाले होते.

तो ऐटीत पारड्यात बसला. समोर अडीच ढेपी ठेवल्या. पारडं हललं नाही.

"ठेव आणखी अर्धी," तो जरा चमकून म्हणाला. तीन ढेपी पुऱ्या झाल्या. पारडं जमिनीला चिकटलेलंच! पाच किलोचा खडा ठेवला. गेल्या वर्षी एवढ्यावर उठलं होतं. आता तेही नाही. भैरूनं घाबरत घाबरत आणखी किलो किलोचे खडे ठेवायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चौथ्याला पारडं उठलं.

गेल्या वर्षीपेक्षा चार किलो जास्त! सहा महिने उपास करून चार किलो जास्त! लोक हसायलाही विसरले. एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. इराप्पाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मग लालेलाल झाला.

"काटा खोटा हाय!" तो गरजला. "कुणीतरी पारड्याला दगड बांधलाय. सोड मला, सोड! आधी हिला बसवा. हिचं वजन मला ठावं हाय, लगेच कळंल खरं-खोटं."

गौराक्का पुढं आली. पदर सावरून हळूच पारड्यात बसली. भैरूनं सवयीनं दोन ढेपी समोरच्या पारड्यात ठेवल्या, आणि सगळ्या जत्रेच्या अंगावर काटा आला. गौराक्काचं पारडं सर्रकन वर गेलं. पार चिंचेच्या फांदीपर्यंत. ती साखळी घट्ट धरून बसली, पाय अधांतरी, पदर वाऱ्यावर. हलगी थांबली. कुणीतरी बाई "अगं आई गं!" म्हणून ओरडली.

भैरूनं घाईघाईनं एक ढेप काढली. पारडं खाली आलं. मग एकेक खडा वाढवत गेला. एक ढेप आणि वर बारा किलो. बस्स. एवढंच.

"खोटा हाय काटा," इराप्पा पुन्हा म्हणाला. पण आता आवाज गुऱ्हाळाबाहेरही गेला नसता.

गौराक्का उतरायला म्हणून उठली आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती कलंडली. इराप्पा धावला. त्यानं दोन्ही हातांनी तिला वरचेवर उचललं, आणि जागच्या जागी खिळून उभा राहिला.

त्याच्या हातांना सांगायची गरज नव्हती. पन्नास वर्षं ढेपी उचललेले हात ते. एक ढेप आणि वर बारा किलो. पाव किलोचाही फरक नाही. काट्याला तो खोटा म्हणू शकत होता. हातांना काय म्हणणार?

त्यानं तिला चिंचेच्या सावलीत निजवलं. उशाला काही दिसेना, म्हणून अंगातला सदरा काढला आणि घडी घालायला उलटा केला. आणि तो हबकलाच. सदऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून, आत दुमडलेलं कापड सगळं बाहेर काढून पुन्हा शिवलेल्या होत्या. बारीक, नेटक्या टाक्यांनी. तो टाका त्याच्या ओळखीचा होता.

"हे काय गं?" त्यानं विचारलं.

"घट्ट व्हाया लागला व्हता," ती डोळे मिटूनच पुटपुटली. "म्हटलं, एवढं व्रत करताय, उगी मन खट्टू व्हईल."

तो मटकन खाली बसला. मग त्यानं तिला एक प्रश्न विचारला. साधा, चार माणसं रोज विचारतात तसला प्रश्न. पण एक्केचाळीस वर्षांत त्यानं तो तिला एकदाही विचारला नव्हता.

"जेवलीस का?"

गौराक्कानं डोळे उघडले. तिला त्या प्रश्नाचं नवलच वाटलं.

"अजून अकरा कुठं वाजल्यात," ती म्हणाली. "तुमचं व्हायचंय की."

हौसाक्का तोंडाला पदर लावून रडायला लागली. भैरू गुरवानं मान फिरवली. आणि तो दांडगा इराप्पा, ज्याला गावानं कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, तो भरजत्रेत उघड्या अंगानं हुंदके देऊन रडला.

मग तो उठला. तुलेचा गूळ देवीपुढं ठेवल्याशिवाय फोडायचा नाही, अशी रीत. त्यानं रीत बाजूला ठेवली. गौराक्काच्या तुलेच्या ढेपेचा कोपरा मुठीनं फोडला आणि खडा तिच्या ओठांपाशी धरला.

"आदी तुमी," तिनं तोंड फिरवलं.

"न्हाई," तो म्हणाला. "आजपासनं आदी तू. न्हाईतर मी पाण्यालाही शिवणार न्हाई."

म्हातारा पुजारी पुढं आला. आता हा रागावणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "खा पोरी. देवी बघतीया." तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं.

दुपारी तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. ते इराप्पावर असे भडकले की विचारू नका. आणखी महिनाभर हे चाललं असतं तर बाई हातची गेली असती, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मग त्यांनी त्याच्या उपासाची हकीकत विचारली. रसाच्या तांब्यांचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, वजन उतरवण्याचा बेत वाईट नव्हता," ते म्हणाले. "पण तुम्ही साखर पिऊन उपास केलात, आणि खरा उपास या बाईंकडून करून घेतलात."

त्या दिवसापासून त्या घरात दोन पाट शेजारी मांडले जाऊ लागले. पहिले काही दिवस गौराक्काच्या घशाखाली घास उतरेना. नवरा टक लावून बघतोय म्हणून तिला लाजच वाटायची. "असं काय बघताय?" ती म्हणायची. "बघू दे," तो म्हणायचा, "लई वर्षांचं राहिलंय." तो स्वतः डॉक्टरांना विचारून, दोन भाकऱ्यांवर आला. रसाचा तांब्या सुटला. रोज सकाळी नदीपर्यंत चालणं सुरू झालं, आणि हळूहळू जिना चढताना गुडघे कुरकुरेनासे झाले.

पुढच्या जत्रेला पुन्हा तराजू टांगला. शपथेप्रमाणं इराप्पा तुलेचा मान सोडायला निघाला होता, पण गावानं ते ऐकलं नाही. इराप्पा बसला आणि तीन ढेपींना सहा किलो कमी भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. तो पटकन उतरला आणि पारड्याच्या शेजारीच उभा राहिला. गौराक्का बसली. भैरूनं एक ढेप ठेवली. मग दुसरी ठेवली. सगळं गाव श्वास धरून बघत होतं. पारडं जरासं वर गेलं, डुललं, आणि पुन्हा खाली येऊन मधोमध ठरलं.

दोन ढेपी! दोर तुटला त्या वर्षापेक्षाही चार किलो जास्त.

"काटा बरोबर हाय का रे?" भैरूनं मुद्दाम खवचटपणे विचारलं.

इराप्पानं पुढं होऊन बायकोला दोन्ही हातांनी अलगद पारड्यातून उतरवलं, आणि मग म्हणाला, "बरोबर हाय."

तात्पर्य: आपण धरलेल्या नेमाचा भार घरात कुणावर पडतो आहे, ते आधी डोळे उघडून पाहावं, आणि जे माणूस रोज सगळ्यांच्या शेवटी जेवतं, ते जेवलं का, हे रोज विचारावं.